कारने ठोकले तर सायकलच्या हेल्मेटचा उपयोग होतो का?

गेल्या महिन्यात वस्तीतल्या विहारात आरोग्याची बैठक होती. विषय होता बायकांमधील रक्तक्षय. बैठक संपत आली तेव्हा मागे बसलेले एक दादा उभे राहिले. त्यांची मुलगी नववीत शिकते. शाळा चार किलोमीटरवर आहे आणि मधला एक किलोमीटर हायवेच्या कडेने जावे लागते. तिला यंदा शासनाच्या योजनेतून सायकल मिळाली आहे. दादा म्हणाले, "सिस्टर, पोरीसाठी हेल्मेट बघून आलो. आठशे रुपये सांगतो. हातात घेऊन बघितलं तर आत नुसता थर्माकोल. आमचा हायवे तुम्ही बघितलाय. तिथं कारनं ठोकलं तर हा थर्माकोल काय करणार? आठशे रुपये खरंच कामाला येतील, का नुसतं मनाचं समाधान?"

काही जण हसले. मला हसू आले नाही. मजुरी करणाऱ्या माणसाला आठशे रुपये म्हणजे घरातला किराणा असतो. तो पैसा कुठे घालायचा हे त्याने विचारूनच ठरवले पाहिजे. कोणी सांगितले म्हणून घेऊ नये आणि कोणी हसले म्हणून सोडूही नये. मी त्यांना म्हटले, "दादा, पुढच्या अंकात सविस्तर लिहिते." तेच हे उत्तर.

डोक्याचा मार वेगळा का?

नोकरीत असताना मी काही वर्षे अपघात विभागात काम केले. सायकलवरून पडून आलेले बहुतेक आपल्यातलेच असत. पहाटे पेपर टाकणारी पोरे, दूधवाले, रात्रपाळी करून परतणारे वॉचमन. हात मोडलेला माणूस प्लास्टर घालून जायचा आणि दोन-तीन महिन्यांत कामाला लागायचा. डोक्याला जबर मार लागलेल्याची गोष्ट वेगळी असायची. टाके निघायचे, जखम भरायची, पण घरची बाई नंतर ओपीडीत येऊन सांगायची, "सिस्टर, हे पहिल्यासारखे राहिले नाहीत. लवकर चिडतात, सांगितलेलं विसरतात, कामावर टिकत नाहीत."

हाड जुळते. मेंदूची मेलेली पेशी पुन्हा तयार होत नाही.

मेंदू मऊ असतो आणि कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. डोके जोरात आपटले की कवटी जागीच थांबते, पण मेंदू पुढे जाऊन आतून कवटीवर आदळतो. त्याला सूज येते, कधी आतली रक्तवाहिनी फुटते. कवटी बंद डब्यासारखी असल्यामुळे साचलेल्या रक्ताला बाहेर जायला वाट नसते. ते मेंदूलाच दाबू लागते. म्हणून बाहेरून एक थेंबही रक्त न दिसता माणूस दगावू शकतो.

थर्माकोल काय काम करतो?

दादांनी बरोबर ओळखले. हेल्मेटमधला मुख्य भाग थर्माकोलचाच असतो. फक्त तो टीव्हीच्या खोक्यातल्यापेक्षा घट्ट आणि ठरावीक घनतेचा असतो. वरचे प्लास्टिकचे कवच त्याला एकत्र धरून ठेवते आणि डोके रस्त्यावर अडकू न देता घसरू देते.

थर्माकोलचे काम एकच, स्वतः चेपायचे. उघडे डोके डांबरावर आपटले तर ते जवळजवळ त्याच क्षणी थांबते आणि सगळा धक्का कवटीच्या एका छोट्या जागेवर येतो. मध्ये दोन-तीन सेंटिमीटर थर्माकोल असेल तर तो चेपत जातो आणि डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. हा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असतो. पण तेवढ्यानेही धक्क्याचा जोर बराच उतरतो आणि तो मोठ्या जागेवर पसरतो. उंचावरून फरशीवर उडी मारणे आणि वाळूच्या ढिगावर उडी मारणे यात जो फरक आहे, तोच हा.

यातूनच एक नियम निघतो. एकदा चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. अपघातात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी त्याचे काम झालेले असते. ते बदलावेच लागते.

पण कारचा वेग केवढा आणि हेल्मेटची ताकद केवढी?

दादांच्या प्रश्नाचे खरे मर्म इथे आहे. सायकल हेल्मेटची युरोपातली चाचणी अशी असते: हेल्मेटमध्ये धातूचे डोके बसवतात आणि ते सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट लोखंडावर पाडतात. आदळताना त्याचा वेग ताशी साधारण २० किलोमीटर असतो. अमेरिकेतल्या चाचणीत उंची दोन मीटर असते. मग हायवेवरची कार ताशी ६० ने येत असेल, तर २० वाल्या हेल्मेटचा काय पाड?

हिशेब इतका सरळ नाही. कार ठोकते तेव्हा बंपर आधी पायाला किंवा सायकलला लागतो. माणूस बॉनेटवर कलंडतो किंवा बाजूला फेकला जातो. डोके कधी बॉनेटवर, कधी काचेवर, तर कधी शेवटी रस्त्यावर आपटते. रस्त्यावर आपटताना कवटीला सरळ लागणारा मार मुख्यतः डोके किती उंचीवरून खाली आले त्यावर ठरतो. पुढे जाण्याचा वेग बराचसा घसरत, खरचटत संपतो. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड-पावणेदोन मीटरवर असते. म्हणजे चाचणीतली उंची आणि प्रत्यक्षातली उंची जवळपास सारखीच. त्यामुळे कार ४० ने येत असली तरी डोके रस्त्यावर ४० ने आपटतेच असे नाही.

मात्र डोके थेट काचेच्या कडेच्या खांबावर किंवा ट्रकच्या लोखंडी बाजूवर आदळले, तर गाडीचा वेग सरळ डोक्यावर येतो. अशा वेळी हेल्मेटची ताकद लवकर संपते. वेग दुप्पट झाला की आदळण्याची शक्ती चौपट होते, हे लक्षात ठेवा.

मोजून पाहिले तेव्हा काय दिसले?

तर्क झाला. आता पुरावा पाहू. माणसांना मुद्दाम कारखाली ढकलून प्रयोग करता येत नाही. म्हणून संशोधक अपघात होऊन गेलेल्या सायकलस्वारांच्या नोंदी घेतात. डोक्याला मार लागलेले एका बाजूला, हातापायाला लागलेले दुसऱ्या बाजूला. मग दोन्हीकडे हेल्मेट घातलेले किती होते ते मोजतात. हेल्मेटचा उपयोग होत नसेल तर दोन्हीकडचे प्रमाण सारखे यायला हवे.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात १९८९ मध्ये अशी पहिली गाजलेली तुलना प्रसिद्ध झाली. हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो, असे तीत निघाले. अभ्यास लहान होता आणि त्यावर बरीच टीकाही झाली. १९९६ मध्ये त्याच शहरातून ३,३९० जखमी सायकलस्वारांचा मोठा अभ्यास आला. त्यात आकडा खाली आला, ६९ टक्के. पण त्यात आपल्या कामाची एक गोष्ट होती. गाडीने ठोकलेले आणि आपणहून पडलेले, अशा दोघांनाही हेल्मेटचा उपयोग जवळजवळ सारखाच झाला होता.

केवळ मोटारगाड्यांशी झालेल्या टकरींचा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात झाला. तिथे १९९१ पासून सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे आहे. २००१ ते २००९ या काळातल्या पोलिसांच्या आणि रुग्णालयांच्या नोंदी जोडून गाडीने ठोकलेले ६,७४५ सायकलस्वार तपासले गेले. २०१३ मध्ये निष्कर्ष आला. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या दुखापतीचा धोका कमी होता, आणि दुखापत जितकी गंभीर तितका फायदा जास्त, ७४ टक्क्यांपर्यंत.

पुढे ४० अभ्यास एकत्र करून ६४ हजारांहून अधिक जखमींचा हिशेब मांडला गेला. त्यात डोक्याची कोणतीही दुखापत सुमारे निम्म्याने कमी, गंभीर दुखापत ६९ टक्क्यांनी कमी आणि डोक्याच्या मारामुळे मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी आढळला. मानेच्या दुखापती एकूणच थोड्या होत्या आणि हेल्मेटमुळे त्या वाढल्याचे दिसले नाही.

थोडक्यात, दादांच्या प्रश्नाचे उत्तर "हो" आहे. कारच्या टकरीतही हेल्मेट कामाला येते. पण ६९ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे. हेल्मेट घालूनही काही जण दगावतात.

दोन शंका

पहिली शंका: हेल्मेट घालणारा माणूस मुळातच सांभाळून चालवणारा असेल, मग फायदा हेल्मेटचा की स्वभावाचा? शंका रास्त आहे. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात हेल्मेट न घालणारे जास्त बेफिकीर चालवताना दिसलेही. पण ते तुलनेने कमी धोक्याच्या रस्त्यांवर चालवत होते. संशोधकांनी वेग, रस्ता, वय अशा गोष्टी हिशेबात धरल्या, तरीही हेल्मेटचा फायदा उरला.

दुसरी शंका: हेल्मेट दिसले की गाडीवाले जास्त जवळून जातात का? इंग्लंडमध्ये इयान वॉकर नावाच्या संशोधकाने सायकलला अंतर मोजणारे यंत्र लावून स्वतः रस्त्यावर सायकल चालवली. दोन हजारांहून अधिक गाड्यांचे अंतर मोजले. हेल्मेट घातल्यावर गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या, असे त्याने २००७ मध्ये मांडले. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि धोका वाढावा इतका हा फरक नाही, असे म्हटले. एवढ्या कारणासाठी मुलीच्या डोक्यावरचे हेल्मेट काढावे असे मला वाटत नाही.

हेल्मेट जे करू शकत नाही

हेल्मेट छाती, पोट, कंबर आणि पाय वाचवत नाही. ट्रकच्या किंवा बसच्या चाकाखाली डोके आले तर कोणतेही हेल्मेट टिकत नाही. डोके जोरात पिरगाळले जाऊन मेंदूला बसणारी ओढ ते फक्त काही प्रमाणात कमी करते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हेल्मेट अपघात टाळत नाही. ते अपघात झाल्यावर उपयोगी पडते.

म्हणून कोणी तुम्हाला "पोरीनं हेल्मेट घातलं नव्हतं, चूक तुमचीच" असे सुनावले तर मान खाली घालू नका. आपल्या देशात हेल्मेटची सक्ती मोटरसायकलवाल्यांना आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ त्यांच्यासाठी आहे, पायडलच्या सायकलसाठी नाही. ठोकणाऱ्याची जबाबदारी हेल्मेट नसल्यामुळे संपत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यात पायी चालणारे आणि सायकलवाले मिळून पाचातला एकाहून जास्त. ही माणसे बहुतेक कोणाच्या घरची असतात ते आपल्याला माहीत आहे.

नेदरलँड्समध्ये हेल्मेट घालणारे फार थोडे, तरी सायकल चालवणे तिथे पुष्कळ सुरक्षित आहे. कारण सायकलला वेगळा रस्ता आहे आणि घरांच्या भागात गाड्यांचा वेग कमी ठेवलेला आहे. म्हणून ज्या हायवेवरून आपली मुले शाळेत जातात, तिथे गतिरोधक, दिवे आणि कडेची वेगळी पट्टी हवी. दहा-वीस घरांनी मिळून सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आणि बांधकाम विभागात द्या, पोच घ्या. हेल्मेट आजचे आहे, रस्ता उद्याचा. दोन्ही मागायचे.

आठशे रुपये खर्च करण्याआधी

पहिला खर्च ब्रेकचा. दोन्ही ब्रेक लागत नसतील तर आधी ते दुरुस्त करा. दुसरा खर्च दिसण्याचा. मागे लाल रिफ्लेक्टर, चाकांना रिफ्लेक्टर, पहाटे किंवा अंधारात जाणाऱ्याला पुढे-मागे दिवा. हे थोड्या पैशांत होते आणि अपघातच टाळते. त्यानंतर हेल्मेट.

हेल्मेट घेताना आतल्या बाजूचे लेबल बघा. "ईएन १०७८" किंवा "सीपीएससी" असा शिक्का म्हणजे ते वर सांगितलेल्या चाचणीच्या मापाचे आहे. मुलगी वाढतेय म्हणून एक माप मोठे घेऊ नका. ढिले हेल्मेट पडताना आधीच मागे सरकते. दुसऱ्याने वापरलेले घेणार असाल तर ते कधी आपटले होते का ते खात्रीने कळले तरच घ्या.

घालायची पद्धत अशी:

- हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटे. मागे सरकवून घातले तर कपाळ उघडे राहते आणि मार तिथेच लागतो.
- दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली एकत्र यावेत.
- हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटे जातील इतकेच सैल. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर जाते.
- मुलींनी वेणी खाली, मानेजवळ घालावी. वर अंबाडा किंवा उंच पोनी असेल तर हेल्मेट बसत नाही. आत जाड स्कार्फ गुंडाळू नये.
- हेल्मेटला रंग, थिनर, पेट्रोल लावू नका. पत्र्याखाली किंवा उन्हात टांगून ठेवू नका. थर्माकोल खराब होतो.
- शाळेत पोचल्यावर हेल्मेट काढायला शिकवा. लहान मुले ते घालून झाडावर किंवा घसरगुंडीवर चढली तर पट्टा अडकून गळफास बसू शकतो.

घरात मोटरसायकलचे हेल्मेट आहे, ते चालेल का? मोठ्या माणसाला नीट बसत असेल तर उघड्या डोक्यापेक्षा बरे. पण ते जड असते, पायडल मारताना फार उकडते आणि मागची गाडी नीट ऐकू येत नाही. लहान मुलाच्या डोक्यावर मोठ्याचे हेल्मेट अजिबात घालू नका.

अपघात झालाच तर

१०८ ला फोन करा. मान हलवू नका. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका, ते काम रुग्णालयात होऊ द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कपडा दाबून धरा. हळद, चहापावडर भरू नका.

"काही झालं नाही" म्हणून उठून बसलेला माणूसही २४ तास नजरेखाली ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, जास्तच गुंगी, असंबद्ध बोलणे, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, हातापायात कमजोरी, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणे, यातले एकही दिसले तर घरी थांबू नका. सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. काही रुग्ण आधी चांगले बोलतात आणि काही तासांनी एकदम खालावतात. रात्री दोन-तीनदा उठवून नाव-गाव विचारा. दारू किंवा झोपेची गोळी देऊ नका.

पोलिसांच्या लचांडाला घाबरून कोणाला रस्त्यावर सोडू नका. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४ अ आले आहे. मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. मोटारगाडीच्या अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार देण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे. रुग्णालयात ती विचारा. गाडीवाला पळून गेला असेल तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख रुपये भरपाई मिळते. त्यासाठी पोलिसांत नोंद झालेली असली पाहिजे. म्हणून एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय परत फिरू नका.

दादांना उत्तर

दादा, आधी सायकलचे ब्रेक तपासा, मागे रिफ्लेक्टर लावा आणि मग ते हेल्मेट घ्या. तो थर्माकोल ट्रक अडवणार नाही. पण कारने उडवून पोरीचे डोके डांबरावर आपटले, तर मोडायचे ते हेल्मेट मोडेल आणि डोके वाचण्याची शक्यता बरीच वाढेल. आठशे रुपयांत नवे हेल्मेट येते.

आणि पोरीला हेही सांगा की हेल्मेट घातले म्हणून हायवे तिला भीत नाही. उजवीकडे वळताना मागे बघायचे, हात दाखवायचा, ट्रकच्या डाव्या बाजूला कधी घुसायचे नाही. ओलांडायला भीती वाटली तर उतरून सायकल हातात धरून ओलांडायची. शाळेत दोन मिनिटे उशिरा पोचलेली पोर कधीही परवडते.